समासातलं नाव

मित्रांनो, माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत, पण त्यांतला एकही वापरून मला हाक मारता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही विचारणार नाही की तू तिथेच होतास तर बोलला का नाहीस. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शब्दकोशानं बोलायचं तर आधी कुणीतरी त्याला उघडावं लागतं. आपलं आपण तोंड उघडायची सोय आम्हांला दिलेली नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. तिथला मुद्रितं तपासणारा माणूस जाड चष्म्याचा आणि भलताच तिरसट होता. एक वेलांटी चुकली तरी तो अख्खं पान परत पाठवायचा. त्यामुळे माझ्यात चुका कमी आहेत आणि माझ्या स्वभावात थोडा तिरसटपणा आहे, तो सांभाळून घ्या. काळ्या कापडाची बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरं, असा नटूनथटून मी कोल्हापूरच्या एका दुकानात दीड वर्ष उभा होतो. मग एक सडसडीत तरुण आला. लिनो त्याचं नाव. मालवणजवळच्या एका गावात त्याला इंग्रजीच्या मास्तरकीची नोकरी लागली होती. त्यानं मला उघडलं, एक शब्द शोधला, सापडल्यावर मान हलवली आणि मला काखेत मारलं. एसटी फोंडाघाटात थांबली तेव्हा त्यानं मला मांडीवर उघडून चहा घेतला आणि चहाचा एक थेंब माझ्या दुसऱ्याच पानावर सांडला. तो डाग अजून आहे.

लिनोची आई इनासिया. तिनं माझं काळं रूप आणि माझी जाडी बघितली, हात पुसले, मला कपाळाला लावलं आणि थेट आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, क्रुसाच्या शेजारी नेऊन ठेवलं.

"आई, ता बायबल नाय गो," लिनो हसत म्हणाला. "डिक्शनरी आसा."

"आसां दे," इनासिया म्हणाली. "इतक्या जाड्या पुस्तकात खोटा खंय लिवलेला असता?"

मला तेव्हा फार बरं वाटलं. आयुष्यात इतका मान मला पुन्हा कुणी दिला नाही, आणि दिला असता तरी मी आता तो घेतला नसता.

लिनो मास्तरांची शिकवायची एक रीत होती. गावच्या वेशीवर राखणदार, म्हणजे गाव सांभाळणारा देव असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांनी शब्दांना राखणदार नेमले. रोज एका मुलानं पुढे यायचं, डोळे मिटून मला उघडायचं आणि बोट टेकवायचं. बोट ज्या शब्दावर पडेल तो त्याचा. मास्तर त्याचा अर्थ सांगत, तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे सांगत. मग त्या मुलानं शब्दाशेजारी समासात पेन्सिलीनं आपलं नाव आणि तारीख लिहायची. "आता ह्यो शब्द तुझो," मास्तर म्हणत. "तेची राखण तू करूची. कोणी चुकीचो वापरल्यान तर तू उठान सांगूचा." पस्तीस वर्षांत माझे समास नावांनी भरून गेले. बापाचं नाव एका पानावर आणि मुलीचं दुसऱ्या पानावर, अशीही घरं माझ्यात आहेत.

दुसरी रीत त्याहून गमतीची. शब्द मुलांच्या डोक्यात बसला की नाही हे मास्तर गाऱ्हाणं घालून बघत. देवळात देवाकडे मागणं मागताना गाऱ्हाणं घालतात तसं, त्याच चालीत ते एक-एक वाक्य म्हणत आणि वाक्य पटलं तर वर्गानं ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" ख्रिस्ती मास्तर गाऱ्हाणं घालतो म्हणून सुरुवातीला दोन्हीकडचे लोक कुरकुरले. दोन्हीकडची पोरं इंग्रजीत पास व्हायला लागल्यावर दोन्हीकडचे गप्प बसले.

आता त्या दिवसाकडे येतो. तारीख मला पाठ आहे, कारण ती माझ्याच अंगावर लिहिलेली होती. चौदा डिसेंबर दोन हजार बावीस. आठवीच्या वर्गातून सृष्टी पुढे आली. शिवाची मुलगी. शिवाची थोडी भातशेती, थोडी काजूची बाग, आणि स्वभाव असा की समोरच्यानं आवाज चढवला की हा मान खाली घालणार. मुलगी मात्र बापावर गेली नव्हती. तिनं डोळे गच्च मिटले, मला जवळजवळ शेवटाला उघडलं आणि बोट टेकवलं.

मास्तरांनी वाकून बघितलं आणि शीळ घातली. "पस्तीस वर्सां झाली, ह्या शब्दाक कोणी हात लावूक नाय. व्हेरिसिमिलर."

वर्ग हसला. हा शब्द माझ्यातला सर्वांत एकटा. इंग्रज माणूससुद्धा त्याला सणासुदीलाच बाहेर काढतो. माझ्यात त्याच्यापुढे लिहिलं आहे, 'सत्यसदृश, खरे वाटण्याजोगे'. मास्तरांनी तेवढ्यावर भागवलं नाही. ते म्हणाले, "खरां वेगळां आणि खऱ्यासारखां वेगळां. ह्यो शब्द म्हणता की गोष्ट खऱ्यासारखी दिसता. खरी आसा काय खोटी, ता तो सांगणा नाय. आणि ह्यो माणसाक लावूचो नाय. शिवा व्हेरिसिमिलर आसा, असा म्हणाचा नाय. शिवान सांगितलेली गोष्ट व्हेरिसिमिलर आसा, असा म्हणाचा. हकिकतीक लावा, कहाणीक लावा, चित्राक लावा."

मग त्यांनी खडू ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाण्याची चाल धरली.

"बा देवा म्हाराजा! काल सकाळी ह्या आमच्या शाळेच्या बावीत एक कासव गावला..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका हेडमास्तरांनी दोरी बांधून वर काढल्यानी..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि परत दर्यात नेवन सोडल्यानी..."

"व्हय म्हाराजा!"

मास्तर थांबले. एक मुलगी तिन्ही वेळा गप्प होती. "तू कित्याक गप गो, सृष्टी?"

"सर, आपल्या शाळेक बावच नाय."

वर्गाला दोन क्षण काही कळेना. मग सगळे असे हसले की शेजारच्या वर्गाचे मास्तर दारात आले. बाव म्हणजे विहीर, आणि आमच्या शाळेत कधीच विहीर नव्हती. पाणी नळाचं. पण चाल ओळखीची, आवाज भारदस्त आणि शेजारचा ओरडतोय, मग आपणही ओरडायचं. चाळीस मुलांनी नसलेल्या विहिरीतून कासव वर काढलं. मास्तरांनी सृष्टीच्या हातात पेन्सिल दिली आणि तिनं माझ्या समासात ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं. इतकं दाबून की टोक मोडलं.

मास्तर मात्र तिला शेवटी एक गोष्ट म्हणाले, ती मला तेव्हा नीट कळली नाही. "बाय, ह्यां पण ध्यानात ठेव. खरी गोष्ट खऱ्यासारखी दिसाक नाय, तर लोक तीसुद्धा ऐकणत नाय."

पुढच्या वर्षी लिनो मास्तर निवृत्त झाले. इनासिया केव्हाच देवाघरी गेली होती. मुलगी रिशेल मडगावला, तिच्याकडे ते राहायला गेले. जाताना मला शाळेत ठेवून गेले. "नावां पोरांची आसत," ते म्हणाले, "पुस्तक पोरांकडेच ऱ्हवां दे."

हेडमास्तर दत्तप्रसाद सरांनी मला दोन्ही हातांनी स्वीकारलं, माझ्यासोबत फोटो काढला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. एक वर्ष मी कुलपात होतो. मग शाळेला भिंतीएवढा टीव्ही मिळाला. त्याला जागा हवी म्हणून कपाट रिकामं करायचं ठरलं आणि आम्ही सगळे रद्दीच्या ढिगात आलो. माझ्यासोबतची पुस्तकं टेम्पोत चढली. मी चढलो नाही, कारण पोषण आहाराची खिचडी रांधणारी तुळसा तिथून जात होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण एवढं जाड पुस्तक चिखलात पडलेलं तिला बघवलं नाही. तिनं मला उचललं, पदरानं पुसलं, कुणाचा पाय लागू नये म्हणून खताच्या जाड पिशवीत घट्ट बांधलं आणि तांदळाच्या पिंपावर ठेवलं. पिंपाचं झाकण उंदीर सरकवत होते, तेही थांबलं. तुम्हांला वाटेल, मला अपमान वाटला असेल. अजिबात नाही. त्या शाळेत माझा उपयोग करणारी तेव्हा ती एकटीच होती.

खिचडी आठवीपर्यंत मिळते. सृष्टी आता दहावीत होती, म्हणून ती स्वयंपाकघरात कधी आली नाही.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळांसाठी कुणा संस्थेनं इंग्रजी निबंधाची स्पर्धा ठेवली. पहिला येणाऱ्याला कोल्हापूरच्या एका निवासी कॉलेजात अकरावी-बारावीचं शिक्षण मोफत, राहण्याजेवणासकट. सृष्टीनं 'माझे गाव' ह्या विषयावर लिहिलं. तिच्या घराशेजारी देवेशचा होमस्टे आहे. हा देवेश शाळा समितीचा अध्यक्ष, आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराण्याचा. तो पाहुण्यांना अंगणातला एक दगड दाखवतो आणि सांगतो की जुन्या काळच्या आरमाराची गलबतं ह्याच दगडाला बांधत. सृष्टीनं लिहिलं, 'गोष्ट व्हेरिसिमिलर आहे. दगड मात्र आमच्या गोठ्यातून नेलेला आहे आणि त्याला माझे आजोबा रेडा बांधत.'

वाचा आणि सांगा, शब्द कुठे चुकला? गोष्टीला लावला, माणसाला नाही. राखणदारानं राखण करावी तशी केली. शब्द चुकीचा वापरला असता तर कदाचित तिला पहिला नंबर मिळाला असता.

संस्थेकडून शाळेला पत्र आलं. निबंध उत्तम आहे, पण ग्रामीण भागातल्या दहावीच्या विद्यार्थिनीला असा दुर्मीळ शब्द माहीत असणं संभवत नाही. मजकूर मोबाईलवरून घेतल्याचा दाट संशय आहे. शाळेनं आठ दिवसांत खुलासा करावा.

खुलाशाची बैठक ज्या खोलीत झाली तिची खिडकी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. सुरुवातीला जे सांगून ठेवलं ते ह्याच्यासाठी. मला सगळं ऐकू येत होतं.

"बाळ, हा शब्द तू आणलास कुठून?" दत्तप्रसाद सरांनी विचारलं. ते वाईट माणूस नाहीत. पत्रावर शिक्का बघितला की त्यांना घाम फुटतो, एवढंच.

"लिनो सरांनी दिल्ल्यानी. आठवीत. तो शब्द माझो आसा, सर. डिक्शनरीत माझा नाव आसा, तारीख आसा. डिक्शनरी हाडा आणि बगा."

"ती पुस्तकं रद्दीत गेली गं. कपाट मी स्वतः रिकामं करून घेतलंय."

"मगे लिनो सरांक फोन लावा."

कुणीतरी खुर्ची सरकवली. फोन कुणी लावला नाही. लिनो मास्तरांचा नंबर दत्तप्रसाद सरांकडे होता. दर नाताळला ते त्यांना शुभेच्छा पाठवत.

मग देवेश बोलायला उठला. समोर आठ-दहा पालक, समितीची माणसं आणि शिवा. देवेशचा आवाज तुम्ही ऐकायला हवा. देवळात त्याला माईक लागत नाही. त्यानं रागानं एक शब्द काढला नाही, दगडाचं नाव घेतलं नाही. सवयीनं गाऱ्हाण्याची चाल मात्र त्याच्या बोलण्यात आपसूक उतरली.

"तर मंडळीनू, चेडू ल्हान आसा..."

"व्हय," दोन-तीन जण म्हणाले.

"आता घराघरात मोबाईल इलो. मोबाईलात मागशात ता गावता..."

"व्हय."

"जो शब्द आमका मोठ्यांक म्हायत नाय, तो ह्या चेडवाक खंयसून म्हायत असतलो?"

"व्हय, व्हय."

"चूक झाली. ल्हान पोरांची चूक आपण पोटात घालूची. तिना दोन अक्षरां लिवन देवची, माफी मागूची आणि शाळेचा नाव राखूचा. बरोबर मां?"

"व्हय!" आता सगळी खोली म्हणाली. आणि त्यात शिवाचा आवाज होता. हळू होता, पण होता. मी पिंपावर होतो तरी तो मी ओळखला.

बघा मित्रांनो, किती सरळ, सुरेख गोष्ट. मुलगी लहान, शब्द मोठा, घरात मोबाईल. ह्या गोष्टीत काय खटकतं? काहीच नाही. व्हेरिसिमिलर म्हणजे काय, हे माझ्या तीन शब्दांपेक्षा देवेशनं चार वाक्यांत अधिक चांगलं समजावून दिलं. आणि सृष्टीची गोष्ट काय? निवृत्त मास्तर, गाऱ्हाणं, नसलेल्या विहिरीतलं कासव, हरवलेलं पुस्तक. खरी होती, पण खऱ्यासारखी दिसत नव्हती. मी तिथे दोरीनं बांधलेला पडून होतो. खरं सांगतो, चाळीस हजार शब्द पोटात असण्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

"सर सांगतत ता लिवन दी, बाय," शिवा म्हणाला. "वाद नको."

"बाबा, माझा नाव आसा पुस्तकात."

"असात. पण पुस्तक खंय आसा?"

थोड्या वेळानं पेन्सिलीचा नाही, पेनचा आवाज आला. तिनं लिहून दिलं की शब्द मोबाईलवरून घेतला आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे. मजकूर दत्तप्रसाद सरांनी सांगितला. संस्थेनं उदार मनानं प्रकरण मिटवलं आणि कोल्हापूरची जागा दुसऱ्याला दिली.

मे महिन्यात लिनो मास्तर गावी आले, पावसाआधी घराची कौलं परतून घ्यायला. एक दिवस सहज शाळेत डोकावले आणि माझी चौकशी केली. दत्तप्रसाद सर रद्दी, टीव्ही, जागेची अडचण असं काहीबाही सांगत होते. तुळसा शेजारीच सुट्टीत रिकामं झालेलं पिंप धूत होती.

"ता काळा पुस्तक सर?" ती म्हणाली. "ता माझ्याकडे आसा. पिशयेत बांधून ठेवलंय."

तिनं मला आणून टेबलावर ठेवलं आणि दोरी सोडली. दत्तप्रसाद सर एकदम खुर्चीत बसले. मास्तरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना सगळं तुळसानंच सांगितलं, गावात ऐकून तिला समजलं होतं तितकं; सृष्टी म्हणत होती ते पुस्तक हेच, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी मला शेवटाकडे उघडलं आणि समासावर बोट ठेवून पान हेडमास्तरांकडे वळवलं. नाव होतं. तारीख होती.

"सर, आता ते प्रकरण मिटलंय," दत्तप्रसाद सर हळूच म्हणाले. "पुन्हा उकरलं तर आपण खोटा खुलासा दिला असं होईल. शाळेचं नाव जाईल."

"आणि तिचा?" मास्तरांनी विचारलं.

मला घेऊन मास्तर सृष्टीला शोधत गेले. ती वाडीतल्या काजूच्या शेडमध्ये बिया फोडत होती. अकरावीचं काय, असं कुणी विचारलं तर शिवा "बगुया" म्हणतो, हे वाटेतच कळलं होतं. काजूच्या बीच्या टरफलात काळं, चिकट तेल असतं. ते बोटांना लागलं की दिवस न् दिवस जात नाही. सृष्टीची दहाही बोटं काळी होती.

मास्तरांनी मला तिच्यापुढे उघडून धरलं. "गावला गो, बाय. बग, तुझा नाव. मी तेंका पत्र लिवतंय. उद्याच्या उद्या लिवतंय."

तिनं बघितलं. मला वाटलं, आता ती रडेल किंवा हसेल. तिनं आंगठा जिभेला लावला आणि माझ्या समासावर टेकवला.

"अगो, काय करतंस?"

"पुसतंय. शब्द माझो नाय, सर. मियां तसा लिवन दिलंय, खाली सही केलंय."

तिनं नाव पुसलं, तारीख पुसली. दाबून लिहिलेलं होतं, म्हणून वेळ लागला. मास्तरांनी मला मागे ओढलं नाही. नावाच्या जागी काजूच्या तेलाचा काळा डाग उरला. मग सृष्टीनं पुढची बी उचलली.

त्या शब्दाला आता राखणदार नाही.

मास्तरांनी पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. मला त्यांनी गावच्या बंद घरात, आल्तारावर, इनासियानं ठेवलं होतं तिथेच ठेवलं आणि ते मडगावला गेले. इतक्या जाड पुस्तकात खोटं कुठे लिहिलेलं असतं, असं ती म्हणाली होती. माझ्यात खोटं नव्हतंच, आजी. पण माझ्यात जे खरं होतं, ते ह्या गावानं माझ्या डोळ्यांसमोर पुसायला लावलं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तूंनी शेवटी हात जोडून आमची काळजी घ्या म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला वाळवी लागली तरी माझं काही अडत नाही. पण उद्या तुमच्यासमोर एखादं मूल उभं राहून म्हणालं की हे माझं आहे, पुस्तक आणा आणि बघा, तर सगळे ओरडतात म्हणून ओरडू नका. उठा आणि शोधायला जा. त्या खोलीपासून स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं.